नानांची चाल

“डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. आणि वैजूला बरोबर घेऊन चालायला सांगितलंय.”

नाना उंबऱ्यात चपला काढता काढता म्हणाले. मी आतल्या खोलीत एका पँटला तुरपाई करत बसले होते. सुई तशीच राहिली.

“मला? मला कशाला?”

“फिजिओथेरपीच्या एक बाई आहेत तिथं, बागवान म्हणून. त्यांचंच म्हणणं. बरोबर घरातलं माणूस पाहिजे, वेळ पाळणारं.”

नानांच्या मागून विलासदादा फाइल घेऊन आला. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता आणि नानांच्या तपासण्यांसाठी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा रजा टाकून आला होता.

“मी येत जाईन की रोज पहाटे,” तो म्हणाला.

“तुझी ड्यूटी सहाची. शिवाय चालताना तू सगळा वेळ फोनवर असतोस.”

“पण नाना, मी होतो की तिथं. वैजूचं नाव काही निघालं नाही.”

“तू तेव्हा खाली रक्ताचे रिपोर्ट आणायला गेला होतास,” नाना म्हणाले आणि टोपी खुंटीला लावून मोरीकडे हात धुवायला गेले.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती तेव्हाची. नाना त्रेसष्ट वर्षांचे होते. साताऱ्यात चिमणपुरा पेठेत आमचं घर, आणि घराच्याच पुढच्या खोलीत ‘बोंगाळे टेलर्स’. नाना पंचेचाळीस वर्षं त्या खोलीत मशीनवर बसलेले. चालणं म्हणजे मशीनपासून कापायच्या टेबलापर्यंत. वजन ब्याण्णव किलो. उन्हाळ्यापासून त्यांना धाप लागायला लागली, चेहरा पांढराफटक पडला, आणि तपासण्या करता करता मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची. वेळेवर सापडलीय, कापून काढता येईल, असं सर्जन डॉक्टर मुतालिक म्हणाले. पण त्यांनी नानांना लगेच टेबलावर घेतलं नाही. दवाखान्याचे दोन जिने चढून दाखवा म्हणाले. नाना नवव्या पायरीवर कठडा धरून खाली बसले.

“असं शरीर मी भूल देऊन चार तास झोपवलं,” डॉक्टरांनी दादाला सांगितलं, “तर ऑपरेशन चांगलं होईल आणि माणूस हाती लागणार नाही. तीन आठवडे द्या. लोहाची इंजेक्शनं, डाळी, अंडी, आणि चालणं. तीन आठवड्यांनी हेच दोन जिने न थांबता चढले, तर मी ऑपरेशन करतो.”

एवढं सगळं खरं होतं. ते दादानं स्वतः ऐकलं होतं.

आता माझं सांगते. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि तीन वर्षं घराबाहेर पडले नव्हते. अगदीच नाही असं नाही. मागच्या दारानं नळावर जायची, वर्षाकाठी एखाद्या लग्नाला रिक्षातून जायची आणि जेवण होताच परत. मला कोड आहे. पहिला डाग डाव्या डोळ्याखाली मसुराच्या डाळीएवढा आला, मग ओठांच्या कडेला, मग मानेवर, बोटांवर. मी बालवाडीत शिकवत होते. एका शनिवारी मी मुलांना खाऊ वाटला, राजगिऱ्याचे लाडू. न्यायला आलेल्या एका आईनं आपल्या मुलीच्या हातातला लाडू काढून गटारात टाकला आणि तिचे हात माझ्यासमोर रुमालानं पुसले. मुलगी रडायला लागली. ती लाडवासाठी रडत होती. सोमवारी मी गेले नाही, आणि मग कधीच गेले नाही. घरी कुणी मला काही म्हटलं नाही. नाना म्हणाले, तुरपाई आणि काजाबटण तू बघ, मला मदत होईल. मी आतल्या खोलीत बसले ती बसलेच.

“मी नाही जाणार,” त्या संध्याकाळी मी वहिनीला म्हटलं.

वहिनी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “मग मामंजींना तूच सांग तसं. मी नाही सांगणार. त्यांच्या जिवाशी गाठ आहे.”

मी सांगायला गेले. नाना पलंगावर बसून दवाखान्यातून आणलेलं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र ओढत होते. श्वास आत ओढायचा की गोळ्या वर उडायला हव्यात. एकच गोळी थोडी हलत होती. नानांचे डोळे बाहेर आले होते.

मी आल्या पावली परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. मी स्कूटरवाल्या पोरी बांधतात तशी ओढणी बांधली, फक्त डोळे उघडे. हातात मोजे घातले. नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “छान. थंडी आहेच.”

पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या दूधडेअरीपर्यंत गेलो. एकशे चाळीस पावलं. तिथल्या पायरीवर नाना बसले आणि भात्यासारखे वर-खाली व्हायला लागले. मी त्यांच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी होते. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर माझी पाठ आकसत होती.

“काय नाना, आज इकडं कुणीकडं?” कुणीतरी विचारलं.

“फिरायला,” नाना धापा टाकत म्हणाले. “मुलीबरोबर.”

तो माणूस गेल्यावर नाना हळूच म्हणाले, “छाती चव्वेचाळीस, कंबर सेहेचाळीस. डावा पाय पाऊण इंचानं आखूड. पँट शिवताना ते सांभाळावं लागतं.”

मी वळून पाहिलं. माणूस अगदी सरळ चालत होता.

“दिसत नाही ना?” नाना म्हणाले. “पंधरा वर्षं माझीच पँट घालतोय.”

नानांना माणसं अशी ओळखू यायची. गावातल्या निम्म्या पुरुषांची मापं त्यांच्या डोक्यात होती, पण ती माणसं कुठं राहतात, त्यांच्या घरांचा रंग कोणता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक दुकानात यायचं, मशीनसमोर उभं राहायचं आणि निघून जायचं. आता नाना त्यांची दारं बघत निघाले. “अरेच्चा! हा देशमुख इथं राहतो होय? एवढ्या मोठ्या बंगल्यात? आणि मेला दर वेळी जुनीच पँट कंबरेत आवळून घ्यायला आणतो!”

चौथ्या दिवशी आम्ही मंगळवार तळ्यापर्यंत गेलो. सातव्या दिवशी तळ्याला वळसा घातला. रोज नवी वाट पाहिजे, असंही बागवान बाईंनी सांगितलंय म्हणे. एकच रस्ता धरला तर आतड्याला सवय होते आणि गुण येत नाही. मला ते जरा विचित्र वाटलं, पण मला आतड्यांमधलं काय कळत होतं? वाट ठरवायचं काम नानांनी माझ्यावर टाकलं. रात्रीच्या जेवणानंतर विचारायचे, “उद्या कुठनं न्यायचीस?” मग मी डोळे मिटून गाव आठवायची. शाळेला जायची ती बोळ, मैत्रिणीचं घर, पाण्याच्या टाकीमागची पायवाट. तीन वर्षांत पुसट झालेलं गाव एकेक गल्ली करत परत यायला लागलं. नानांपेक्षा मला जास्त रस्ते माहीत होते, याची मला गंमत वाटायला लागली.

आणि नाना बोलायचे. घरात मशीनच्या आवाजात कधी एवढं बोलले नसतील. बोलायला दम पुरायला लागला हेच मोठं होतं.

“एकदा एक मामलेदार आला होता,” एक दिवस ते म्हणाले. “उजवा खांदा दोन इंच उतरता. मला म्हणाला, मास्तर, एवढं झाका, मुलीचं लग्न आहे. मी कोटात गादी भरून दिली. बायकोलासुद्धा ओळखू आलं नाही म्हणाला. तुला सांगतो वैजू, पंचेचाळीस वर्षांत मला दोन्ही बाजूंनी सारखा असलेला एकही माणूस मिळाला नाही. मी प्रत्येकाचं माप डावं-उजवं वेगवेगळं घेतो. लोकांना वाटतं, मास्तर विसराळू आहे, दोनदा मोजतो.”

“आणि नवऱ्या मुलांचं?”

“त्यांचं तर तीनदा. भीतीनं पोट आत ओढून उभे राहतात ना!”

मी हसले. ओढणीच्या आत हसले तरी हसणं ते हसणंच.

दहाव्या दिवशी गंमत संपली. आम्ही राजवाड्याच्या बाजूनं परत येत होतो. नाना बोलता बोलता गप्प झाले, पोट धरलं आणि एका बंद दुकानाच्या फळीवर बसले. कपाळ घामानं ओलं झालं. मान पुढे पडली.

“नाना! नाना, काय होतंय?”

“कळ आली. पाणी...”

समोर चहाचं हॉटेल होतं. मी धावत गेले. कढईतल्या तेलाचा आवाज, गिऱ्हाइकांचा कालवा, आणि मी ओढणीच्या आतून “पाणी द्या, पाणी द्या” म्हणतेय. गल्ल्यावरच्या माणसाला काही ऐकू येईना. “काय पाहिजे ताई? वडे?” त्यानं दोनदा विचारलं. मी ओढणी खसकन गळ्यात ओढली.

“पाणी द्या! माझे वडील बसलेत तिथं, चक्कर आलीय त्यांना!”

तो माणूस जागचा उठला. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या बोटाच्या दिशेनं नानांकडे पाहिलं, तांब्या उचलला आणि माझ्या पुढं धावला. मागून एक म्हातारे गृहस्थ खुर्ची घेऊन आले. कुणी वारा घातला, कुणी रिक्षा थांबवली. पाच-सहा माणसांच्या घोळक्यात मी उघड्या तोंडानं उभी होते आणि सगळे नानांकडे बघत होते.

दहा मिनिटांनी नानांच्या चेहऱ्यावर रंग आला. रिक्षावाल्याला त्यांनी हात जोडून परत पाठवलं.

“चालत जायचं,” ते म्हणाले. “हळूहळू.”

“नाना, आज पुरे.”

“डॉक्टर म्हणाले ना, जिने. मला टेबलावर जायचंय, वैजू. मला ही गाठ काढून हवीय.”

इतके दिवस त्यांनी गाठीचं नावही काढलं नव्हतं. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही घरी निघालो. ओढणी गळ्यातच राहिली. घरी येऊन पाणी प्यायला गेले तेव्हा माझ्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ती बांधायला घेतली, आणि मग वाटलं की नानांना पुन्हा कळ आली तर सोडण्यात वेळ जाईल. मोजेही घरीच राहिले.

लोक बघत नव्हते असं नाही. बघत होते. पण चालणाऱ्या माणसाकडे किती वेळ बघणार? तो पुढे निघून जातो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही चार भिंतीची चढण चढलो. अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरचं जुनं स्मारक ते. खाली सगळा सातारा उन्हात पसरलेला. नाना चार वेळा थांबले, पण वर पोचले, आणि वर पोचल्यावर त्यांनी काय करावं? कमरेवर हात ठेवून शाळकरी पोरासारखे ओरडले, “ओ मुतालिक! आणा तुमचे जिने!”

जिने ते चढले. दोन्ही, न थांबता. मी त्यांच्या मागोमाग होते आणि माझ्या मागे डॉक्टर. वर पोचल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या बोटाला चिमटा लावून आकडे बघितले. “सोमवारी घेऊ,” ते म्हणाले. नानांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. “तुमच्या शर्टाची कॉलर बसत नाहीय डॉक्टर. बरा झालो की माप द्या.”

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. फूटभर आतडं काढून टोकं जोडली, पोटावर शौचाची पिशवी लावावी लागली नाही, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. दादा खाली बसून लहान मुलासारखा रडला. मी रडले नाही. मला तेव्हा फक्त चालावंसं वाटत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळा गेले, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागवान बाई आल्या. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. तस्नीम बागवान. माझ्याहून लहानच असतील, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या.

“चला नाना, उठायचं.”

“बाई, काल पोट फाडलंय माझं!”

“पोट फाडलंय, पाय नाही. उठा. तुमचं आतडं झोपलंय. तुम्ही पडून राहिलात तर तेही पडून राहील. तुम्ही चाललात की ते जागं होतं.”

त्यांनी नानांच्या पोटाशी एक उशी दिली. खोकताना, हसताना ती घट्ट दाबून धरायची, म्हणजे टाके दुखत नाहीत. एका हातात सलाइनचा स्टँड, एका हातात उशी, एका बाजूला मी. पहिल्या दिवशी खाटेपासून दारापर्यंत. संध्याकाळी व्हरांड्याच्या अर्ध्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी पूर्ण व्हरांडा, चार वेळा.

आता सगळा दवाखाना एकाच गोष्टीची वाट बघत होता. आतडं जागं झाल्याची खूण एकच. सिस्टर येता-जाता विचारायच्या, “गेला का गॅस?” डॉक्टर राउंडला येऊन पहिलं तेच विचारायचे. समोरच्या खाटेवर वाईचे भोईटे म्हणून एक बागायतदार होते, त्यांचंही तसलंच ऑपरेशन झालेलं. ते तर खाटेवरून ओरडून विचारायचे, “मास्तर, काही बातमी?” नाना जंटलमन लोकांचे कपडे शिवणारे. मुलीसमोर हा विषय निघाला की छताकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही सहावी फेरी घालत होतो. व्हरांड्याच्या टोकाला वळताना नाना एकदम थांबले.

“काय झालं? दुखतंय?”

त्यांनी मान हलवली. चेहरा गंभीर. कान टवकारल्यासारखे उभे राहिले. आणि मग तो आवाज आला. छोटा नव्हता. जुन्या दाराची कडी सरकावी तसा सुरू झाला आणि बराच वेळ चालला. व्हरांड्यात त्या क्षणी नेमकी शांतता होती.

लांबच्या टेबलावरून सिस्टरनं मान वर केली. “बोंगाळे नाना? तुम्हीच का?”

नाना लाल झाले. “हो.”

“गेला! नानांचा गेला!” सिस्टरनं टाळी वाजवली. वॉर्डातून भोईटेंचा आवाज आला, “शाब्बास मास्तर! मी ऐकला!” झाडूवाल्या मावशी हसत सुटल्या, बाकावर बसलेले नातेवाईक टाळ्या वाजवायला लागले. मी नानांचा दंड धरून इतकी हसत होते की मलाच आधार लागत होता. नाना उशी पोटाशी दाबून “हसवू नका, टाके... हसवू नका” म्हणत स्वतःच हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी आईच्या जाण्यानंतर त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

टाळ्या ऐकून बागवान बाई आल्या. नानांना खाटेवर बसवलं. “बघितलंत? तिसऱ्या दिवशी! काही लोकांना पाच-सहा दिवस लागतात. ही सगळी आधीच्या चालण्याची कमाई. गच्चीवर चालून कुणी एवढी तयारी केलेली मी पाहिली नव्हती.”

“गच्चीवर कुठं?” मी म्हटलं. “आम्ही गावभर फिरलो. रोज नवी वाट. तुम्हीच सांगितलं होतं ना?”

“मी?” त्या गोंधळल्या. “मी सांगितलं होतं, गच्चीवर नाहीतर अंगणात, अर्धा तास. सोबत कुणीही चालेल.”

“मी बरोबर हवी, असं?”

“नाही हो. मला तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं.”

नाना सलाइनच्या बाटलीकडे बघत होते. फार बारकाईनं बघत होते. बागवान बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भोईटेंना उठवायला निघून गेल्या.

“नाना,” मी म्हटलं.

“ती कळ खरी होती,” ते घाईनं म्हणाले. “हॉटेलसमोरची. देवाशपथ. ते नाटक नव्हतं.”

“आणि बाकीचं?”

ते उशीचा कोपरा नीट करायला लागले. मग हळू आवाजात म्हणाले, “त्या दिवशी नवव्या पायरीवर बसलो ना, तेव्हा कळलं की मी मरू शकतो. टेबलावरून उठलो नाही तर? विलास आहे, सूनबाई आहे, दुकान कुणीतरी चालवेल. पण तुला उंबऱ्याबाहेर कोण काढणार होतं? मी तीन वर्षं तुला कामं देऊन आत बसवलं. मला वाटलं, मी तुला जपतोय. मग डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे. म्हटलं, पुरेत.”

“मी आजारी नव्हते, नाना.”

“नव्हतीस.”

“मला सांगायचं होतं मग सरळ.”

“सरळ सांगितलं असतं तर आली असतीस?”

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला भयंकर राग आला. मी उठले आणि वॉर्डातून बाहेर पडले. जिना उतरले, फाटकातून बाहेर पडले आणि तरातरा चालायला लागले. मला फसवलं. अंड्याच्या पोळीसारखं मला उलटलं-पालटलं, आणि मला कळलंसुद्धा नाही! आतड्याला सवय होते म्हणे! आणि मी मूर्ख, रात्र रात्र वाटा आठवत होते. मी मनातल्या मनात नानांशी भांडत होते आणि पाय आपोआप चालत होते.

“ए बाई! ए पोरी, जरा थांब की!”

कुणीतरी माझा हात धरला. पंचाहत्तरीच्या आजीबाई होत्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी आणि एक्स-रेचं पाकीट.

“सिव्हिल कुठं आलं गं? मी पार चुकले. नातू म्हनला सरळ जा, पर सरळ किती जायचं?”

“हा राजपथ धरून खाली जा आजी. पुढं पोवई नाका लागेल. तिथनं उजवीकडं...”

“न्हाई ध्यानात राहायचं माझ्या. तू त्याच अंगाला निघालीयस न्हवं? चल, तूच दाव.”

त्यांनी माझा हात सोडलाच नाही. पांढऱ्या बोटांचा माझा हात त्यांच्या खरखरीत मुठीत तसाच ठेवून त्या चालायला लागल्या. त्यांचा नातू म्हसवडचा, त्यांची नातसून सिव्हिलला बाळंतपणाला आलीय, मुलगी झाली तर नाव ठरलंय, मुलगा झाला तर अजून वाद चाललाय, हे सगळं मला पोवई नाक्यापर्यंत समजलं. मध्येच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“हे कोड न्हवं?”

“हो.”

“माझ्या धाकट्या जावंला हाय. लई गोड गाती.” आणि पुढं म्हणाल्या, “तुला मुलगा-मुलगी काही?”

“नाही. लग्न नाही झालं.”

“बरंय. चालाया मोकळी.”

सिव्हिलच्या दारात त्यांना सोडून मी परत फिरले, तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. भर बाजार. शाळा सुटलेली, रिक्षांचे हॉर्न, हातगाड्या, माणसंच माणसं. नाना बरोबर नव्हते. कुणाला चक्कर आली नव्हती. मला कुणी पाठवलं नव्हतं. मी एकटी, उघड्या तोंडानं, साताऱ्याच्या भर रस्त्यात उभी होते, आणि मला भूक लागली होती.

मी एका हॉटेलात शिरले, मिसळ मागवली आणि बसून, शांतपणे, तर्री दुसऱ्यांदा मागून खाल्ली. राग कुठल्या वळणावर गळून पडला ते मला आजही सांगता येणार नाही.

वॉर्डात पोचले तेव्हा नाना डोळे दाराला लावून बसले होते. चेहरा पार उतरला होता.

“रागावलीस?”

“रागावले होते.”

“कुठं गेली होतीस?”

“सिव्हिलला. एका आजींना पोचवायला.”

“सिव्हिलला? चालत? एकटी?”

“आणि येताना मिसळ खाल्ली.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं.  मग उशी पोटाशी दाबत म्हणाले, “दोन वाजत आले. माझी फेरी राहिलीय. चल.”

“मी नाही येत,” मी म्हटलं. “चार किलोमीटर झालेत माझे. पाय दुखतायत. तुम्ही या जाऊन.”

“एकटा?”

“का? येत नाही?”

नानांनी पांघरूण बाजूला केलं. मग पाय खाली सोडले, स्टँड धरला, उठले. पहिली दोन पावलं डगमगली. मी हात पुढं केला नाही, पण माझी बोटं चादरीत रुतली होती. तिसरं पाऊल नीट पडलं, चौथंही. दारापाशी त्यांनी मागे वळून पाहिलं, भोईटेंना म्हणाले, “येताय का पाटील?” आणि उत्तराची वाट न बघता व्हरांड्यात दिसेनासे झाले. स्टँडच्या चाकांचा आवाज लांब लांब जात राहिला.

मी त्यांच्या खाटेवर पाय वर घेतले आणि आडवी झाले. डोळा लागतोय तोच सिस्टर ट्रे घेऊन आत आल्या.

“अहो ताई, हे काय? पेशंट कुठाय?”

“फिरायला गेलाय,” मी म्हटलं आणि कूस बदलली.